दोराचं दुसरं टोक

थोरली दोर वळायला बसली की दुसरं टोक धरायला शेजारच्या घरातून धाकटी जाऊ यायची. टोक धरणं हे निमित्त. खरं तर दोघींच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा.

मग डिझाइन शिकणारी पोरं गावात पाहणीला आली. अडचण दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. "आजी, एका दोरासाठी दोन माणसं कशाला अडकवायची?" असं म्हणत त्यांनी टोक धरायला लोखंडी घोडा करून दिला, त्याचा आकडा नटाने घट्ट बसवला आणि फोटो काढून ती गेली.

घोडा भलताच गुणी निघाला. आता धाकटीला बोलवायचं तरी कशाला? कामाशिवाय 'या' म्हणायची दोघींनाही सवय नव्हती. अंगणात नुसती दोराची करकर. थोरलीला घर खायला उठलं.

शेवटी एका सकाळी पाना घेऊन ती स्वतःच घोड्याचा नट काढायला गेली.



नट जागेवर नव्हताच. फाटकात धाकटी उभी होती, एक मूठ घट्ट मिटलेली. म्हणाली, "मोडलं वाटतं यंत्र, जाऊबाई? द्या इकडे टोक."