मार थांबला की

हातोडीचा दांडा दिलशादच्या बोटांवर बसला. तंबोऱ्याची तार तिच्याआधी कळवळली.

"सूर अजून चढा आहे," अब्बा डोळे मिटूनच म्हणाले.

तंबोरा घ्यायला थेट लंडनहून मिरजेला आलेली बाई दचकली. तिने सूर मोजायचं यंत्र घाईघाईने पुढे केलं. त्यावर हिरवा दिवा लागला होता. "इन ट्यून!" ती जवळजवळ ओरडलीच.

अब्बांनी एक डोळा उघडून दिव्याकडे पाहिलं. "गाणार कोण, हे डबडं? मणी सरकव गं!"

दिलशादने सूर जुळवायचा तारेतला मणी केसभर सरकवला. दांडा पुन्हा बसला, या वेळी थेट हाडावर. बारा वर्षांची असताना याच दांड्याने तिची करंगळी मोडली होती. आज तिशीतही ती वाकडीच होती. नखातून रक्त आलं, मणी निसरडा झाला. तिने दात-ओठ खात तो पुन्हा हलवला आणि तार छेडली.

सगळं दुकान गुंजून उठलं. भिंतीवरचे भोपळेसुद्धा घुमले. अब्बांचा उगारलेला हात हवेतच थांबला, मग हळूच मांडीवर आला.

बाईचे डोळे भरले. यंत्रातला दिवा मघासारखाच हिरवा होता. "अगदी नेमका सूर लागला, हे ओळखायचं कसं?" तिने इंग्रजीत विचारलं.

दिलशादने करंगळी पदराने पुसली. कॉलेजात शिकलेलं सगळं इंग्रजी आठवून पाहिलं. मग ती इंग्रजीतच शांतपणे म्हणाली, "मार थांबला, की समजायचं."

बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय सांगितलंस तिला?" अब्बांनी विचारलं.

"सूर लागला म्हणून सांगितलं, अब्बा."