एखादं बसलं का?

कावळा शिवेना.

बोरी बुद्रुकच्या घाटावर पिंड केव्हाचा मांडून ठेवला होता आणि माणसं मागं सरून उन्हात ताटकळली होती. आधीच भाषणं लांबली होती. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं सुदर्शनला 'कीर्तनसेवेतला हिरा' म्हणून श्रद्धांजली वाहिली. सुदर्शन रॉक गाणारा. कीर्तनाशी त्याचा संबंध एवढाच, की मंडपवाला एकच.

त्यात हे चाहते. पुण्याहून, नाशिकहून बस करून आलेले. दहाव्याला काळे टी-शर्ट, छातीवर बँडचं नाव, 'गोफण'. घाटावर बूट काढा म्हणून दोघातिघांना सांगावं लागलं. पायरीपायरीवर बसून ते सुदर्शनच्या कॉन्सर्ट आठवत होते. एका ठिकाणी वीज गेली, तर तो गर्दीत उतरून माइकशिवाय गायला. एकदा ताप अंगात असताना गायला. सांगता सांगता रडत होते, आणि रडता रडता एकमेकांचे फोटो काढत होते.

सुदर्शनचा चुलतभाऊ दादाभाऊ विधीला बसला होता. डोक्याचा ताजा गोटा उन्हानं तापलेला. त्यानं हात जोडले. "सुदा, काकांचं बघतो. काकीला काय कमी पडू देत न्हाई. शीव बाबा आता."

पलीकडच्या बाभळीवरच्या कावळ्यांनी मान वळवली नाही.

"त्यांचं गाणं लावू का?" एका चाहत्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लावलं. स्पीकरमधून ढोल धडाडले. अलीकडं विजेच्या खांबावर एकच कावळा बसला होता, तोही उडाला.

"बंद कर राव त्ये!" दादाभाऊनं कपाळ धरलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना आणखी एका दहाव्याला जायचं होतं.

खालच्या पायरीवर सुदर्शनचा बाप सयाजी बसला होता. लोक त्याच्याकडं चोरून बघत होते. कावळा का शिवत नाही ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सयाजीला तर सगळ्यांत जास्त.

तेव्हा रानात ऊस नव्हता, बाजरी होती. सयाजी पोराला 'हाऽऽऽ हुर्र' करत पाखरं राखायला रानातल्या माळ्यावर बसवायचा. स्वतः विहिरीवरून हाळी द्यायचा, "बसलं का रं एखादं?" पोरगं माळ्यावरून ओरडायचं, "नाऽऽय!" आणि जाऊन बघावं तर पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून बसलेलं. कणसांवर पाखरांची जत्रा. एका हंगामाला पाखरांनी अर्धं रान चाटूनपुसून नेलं. सयाजीनं डबा विहिरीत भिरकावला. "एक पाखरू हाकलता येत न्हाई तुला, तू काय दिवं लावणार?"

पोरगं पुण्याला गेलं. मोठं झालं. सणावाराला यायचं, आईशी बोलायचं, बापाला नमस्कार करून परत जायचं. सयाजी त्याच्या एकाही कॉन्सर्टला गेला नाही. त्यानं कधी बोलावलं नाही, ह्यानं कधी विचारलं नाही. मग ऐन चाळिशीत झोपेतच हृदय थांबलं, आणि विचारायचं राहून गेलं. आज कावळ्याकडं बघताना सयाजीचा जीव कासावीस झाला होता. पोरगं रुसूनच गेलं, एवढंच त्याला दिसत होतं.

एवढ्यात कठड्यावर कावळा उतरला. कावळा एक उडी पुढं आला. आणखी एक. पिंड हातभर राहिला.

आणि चाहत्यांतल्या तेजस्विनी नावाच्या पुण्याच्या पोरीनं माइक हातात घेतला. तिची पाठ पिंडाकडं. "दादा कॉन्सर्टचा शेवट जसा करायचे, तसाच आपण त्यांना निरोप देऊ या!"

सगळ्या काळ्या टी-शर्टांनी हात तोंडाशी धरले. "हाऽऽऽ हुर्र!"

घाट दणाणला. कावळा गेला. बाभळीवरचेही गेले.

"अहो ताई!" दादाभाऊ रडकुंडीला आला. "कावळा बोलवायचाय आमाला, हाकलायचा न्हाई!"

तेजस्विनी पांढरीफटक पडली. पण सयाजी उठला होता. काठी टेकत तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"पोरी, ह्ये कुणी शिकवलं तुला?"

"दादांनीच. प्रत्येक कॉन्सर्टच्या शेवटी. पोटातून आवाज काढा म्हणायचे, पार शेवटच्या टोकाला गेला पाहिजे." ती चाचरली. "मग विचारायचे, 'बसलं का रं एखादं?' आम्ही ओरडायचो, 'नाऽऽय!' त्यांना सगळे उभे हवे असायचे ना. म्हणून आम्ही कुणी कधी खाली बसायचोच नाही."

"दर वेळंला इचारायचा?"

"दर वेळेला. उत्तर आल्याशिवाय स्टेजवरून उतरायचेच नाहीत."

सयाजीनं पिंडाकडं बघितलं. मग रिकाम्या बाभळीकडं.

गुरुजी घसा खाकरून पुढं आले. त्यांच्या हातात दर्भ होता. "सयाजीराव, दर्भाचा कावळा करतो आणि तोच शिववतो. काय करणार? मुलगा रुसलेला दिसतोय."

"करा दर्भाचा," सयाजी म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते, आणि त्यानं ते पुसले नाहीत. "पन रुसला न्हाई त्यो, गुरुजी. राखणीला बसलाय. आज एक पाखरू बसू द्यायचा न्हाई."