तारप्याकडे तोंड

आदिवासी दिनाला शाळेने रूपजी आजाला पहिल्यांदाच तारपा वाजवायला बोलावलं होतं. स्टेजवर त्याला बसवलं मात्र मागे, पडद्यालगत. त्याच्यापुढे नाचणाऱ्या मुली आणि समोर खुर्च्यांत पाहुणे.

"मुलींनो, पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही हं!" मोठ्या बाईंनी बजावलं.

आजाने भोपळ्याचा तारपा ओठांना लावला, पण फुंक मारवेना. वारल्यांचा नाच तारप्याकडे तोंड करूनच होतो. त्याला कुणी पाठ दाखवत नाही. आणि इथे तर त्याची सख्खी नात मथीच पाठमोरी उभी! शाळा शिकली आणि विसरली पोर, असं पुटपुटत त्याने तारपा खाली ठेवला.

मथीने मागे पाहिलं आणि ती गर्रकन वळली. "बाई, तारप्याला पाठ नाय करत आमी!" एकेक करत साऱ्या मुली वळल्या.

बाई गोंधळल्या. मग त्यांनी चपला काढल्या. "आजोबा, खाली मैदानात चला. तुम्ही मध्ये उभे राहा, आम्ही सगळेच नाचतो."

तारपा घुमू लागला. मुलींच्या साखळीत बाई शिरल्या, मागोमाग पाहुणेही. आता पाठ होती ती फक्त रिकाम्या खुर्च्यांकडे.