सज्ज्यावरच्या फळ्या

"सज्ज्यावर फळ्या कोनं ठोकल्या?" सूर्यभान मिस्तरीने विचारलं.

चौकीदार खाली पाहत म्हणाला, "अमरावतीहून साहेबाचा हुकूम आला."

अकोल्याचं हे जिन, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, सूर्यभानच्या डोक्यातून निघालं होतं. नव्या यंत्रांचे प्रयोग इथे व्हायचे. म्हणून त्याने लाकडी भिंती पेचांवर बसवल्या होत्या. यंत्र बदललं की भिंती सरकवायच्या. आणि वर चौफेर सज्जा. कोणत्या यंत्रात सरकी फुटते, रुई किती निघते, ते कास्तकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, म्हणजे व्यापारी त्याला चुना लावणार नाही. रोज पन्नास-साठ माणसं सज्ज्यावर चढत. नागपूरहून लाटसाहेबही पाहून गेले होते.

सूर्यभान घरी आला तो धुमसतच. त्याची बायको जमुना नुकतीच जिनातून कामावरून आली होती. केसांत रुई तशीच.

"कास्तकार शहाना झाला का व्यापाऱ्याइच्या पोटात दुखते," तो म्हणाला. "उद्या अमरावतीले जातो. तोंडावर इचारतो."

"जाऊ द्या ना. भिंती तं हायेत तुमच्या."

"भिंतीले कोन पाह्यते? सज्जा माहा जीव होता."

जमुनाने भाकर वाढली आणि चुलीकडे तोंड करून बसली.

सकाळच्या गाडीने तो अमरावतीला पोचला. कचेरीत इंजिनीअर भगवंतराव होते. सूर्यभान बसलाच नाही.

"दोन वर्सं हाडाची काडं केली साहेब. व्यापाऱ्याइनं सांगतलं आन् तुमी फळ्या ठोकल्या. कास्तकाराच्या डोयावर पट्टी बांधली."

भगवंतरावांनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"व्यापाऱ्यांनी नाही सांगितलं, मिस्तरी. यंत्रावर कापूस टाकणाऱ्या बायांनी अर्ज केला. घामानं लुगडं अंगाला चिकटतं, पदर सरकतो, आणि वरून माणसं वाकून पाहतात. यंत्राकडे कोणी पाहत नाही, म्हणतात."

"बाया कायच्या अर्ज करतात? कोनं तरी फितवल्या त्या. व्यापाऱ्याचंच मानूस असंन. नाव सांगा मले, मी पाह्यतो त्याच्याकडे."

"राहू द्या, मिस्तरी."

"नाव सांगा."

भगवंतराव अर्ज घडी करू लागले. सूर्यभानने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. खाली सदतीस अंगठे होते. पहिल्या अंगठ्यापुढे कारकुनाने लिहिलं होतं: जमुना भ्रतार सूर्यभान मिस्तरी, राहणार अकोला.