एकदाच आलेली हाक

खरवईच्या शेतांवरून लांब लहरींसाठी एरियलची तार ताणली, तेव्हापासून रोज दुपारी माझ्या रेडिओवर मोर्समध्ये माझ्याच नावाची हाक येई: "दिनानाथ." फक्त एकदाच.

"कोण गाढव आहे!" मी बायकोला, कुंदाला, म्हणालो. "रेडिओवर तीनदा पुकारतात, एवढंही कळत नाही."

भांडी घासणारी येसू दचकली. "सायेब, एका हाकंला ओ देऊ नका. मानूस असंल तर पुन्ना हाक मारंल."

स्वातंत्र्य मिळालं, पण अक्कल नाही! "भुतांना मोर्स कोण शिकवतं गं?" मी विचारलं. ती भांडी उचलून निघून गेली.

आज हाक येताच मी मुद्दाम मोर्सच्या कळीवर उत्तर ठोकलं: "ओ! बोल, मूर्खा."

रेडिओ गप्प झाला.

"ओ, आले हं!" स्वयंपाकघरातून कुंदा म्हणाली.

मी तिला हाक मारलीच नव्हती. तिनं मागचं दार उघडलं.