वीजवीराचा खांदा

"अजून येळ हाय," नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावता लावता साळूबाई पुटपुटली. "गाडीत बसायच्या आधी सांगून टाका त्यास्नी."

"सांगतो," रंगनाथ म्हणाला. आणि काहीच न सांगता गाडीत जाऊन बसला.

गाडी श्रीरामपूरच्या अश्विनीबाईंची. चालवत त्याच होत्या. मागच्या सीटवर रंगनाथच्या शेजारी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते.

"हे शामकांतकाका," बाईंनी ओळख करून दिली. "पुण्याहून आलेत. तुम्ही येणार कळल्यावर खास आजच्या कार्यक्रमासाठी."

कार्यक्रम 'वीजवीर'चा होता. बेचाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा. निळा पोशाख, छातीवर पिवळी वीज, तोंडावर मुखवटा. वीजवीर उडायचा तेव्हा त्याला बांधलेला दोर स्पष्ट दिसायचा. तरी तालुक्यातली एक अख्खी पिढी त्याच्यावर जीव टाकून होती. पन्नाशीला आलेली ती पोरं आता दरवर्षी एकत्र येत, मंगल कार्यालयात पडदा लावत आणि दोर दिसला की शिट्ट्या मारत. वीजवीरानं शेवटपर्यंत मुखवटा काढला नव्हता, आणि ते काम करणारा नट पुन्हा कुठल्या सिनेमात दिसला नाही.

महिन्यापूर्वी अश्विनीबाई नेवाशाजवळ रंगनाथच्या वस्तीवर आल्या होत्या.

"वीजवीराचा पोशाख तुम्हीच घालायचात ना?"

"व्हय," तो म्हणाला.

बाई चटकन वाकून त्याच्या पाया पडल्या. मग पुढचं सांगायला त्याचं तोंडच उघडेना.

पोशाख तो घालायचा, हे खरंच होतं. पण सिनेमात नव्हे. गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टॉकीजच्या जाहिरातीसाठी. भोंगा लावलेल्या टेम्पोत उभं राहून बाजाराच्या गावी फिरायचं आणि संध्याकाळच्या खेळाला माणसं गोळा करायची, एवढंच त्याचं काम. पोरांना वाटायचं, पडद्यावरचाच खाली उतरलाय. चोवीस वर्षांच्या रंगनाथनं त्यांना कधी 'तो मी नव्हे' म्हणून सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही.

गाडी फाट्यावरून वळली.

"त्या मुखवट्यात गुदमरायचं नाही?" शामकांतकाकांनी विचारलं.

"लई. नाकाशी भोकंच न्हवती."

"आणि घाम सगळा डोळ्यांत."

रंगनाथनं चमकून पाहिलं. काका खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होते.

"मुलं जवळ यायची?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"झोंबायची. खांद्यावर घ्या म्हनायची."

"घ्यायचात?"

"घ्यायचो की. येवढ्या आशेनं आलेल्याला न्हाई कसं म्हननार?"

काकांनी मान हलवली. मग श्रीरामपूर आलं.

कार्यालयात दोनशे माणसं होती. रंगनाथ आत शिरला आणि सगळी उभी राहिली. कुणी शिट्टी मारली, कुणी डोळे पुसले. त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. 

कुबडीवर भार देत एक माणूस पुढे आला. "मी अमृत," तो म्हणाला. "तुम्हाला आठवणार नाही. घोडेगावचा बाजार. मी आठ वर्षांचा होतो. पाय पोलिओनं गेलेला, म्हणून गर्दीत मागंच राहिलो होतो. तुम्ही चालत्या टेम्पोतून खाली उतरलात, मला खांद्यावर घेतलंत आणि अख्खा बाजार फिरवलात. जी पोरं मला चिडवायची, ती खालून मान वर करून माझ्याकडं बघत होती." त्यानं कुबडी सावरली. "शाळेत जायला लागलो ते त्याच्यानंतर. आता त्याच शाळेत शिकवतो."

रंगनाथला आठवत होतं. दोन्ही हातांनी त्याचे कान गच्च धरून बसलेलं, पिसासारखं हलकं पोर. खेळाची वेळ टळली म्हणून मालकानं त्या दिवशी त्याला चारचौघांत झापलं होतं.

ह्या माणसाशी खोटं बोलायचं? त्यानं अमृतचा हात हातात घेतला, सोडला आणि माईकपाशी गेला.

"मला माफ करा," तो म्हणाला. "मी पिच्चरमधला न्हाई. पिच्चरमधी मी येक दिवसबी काम केलं न्हाई. मी तंबूच्या जाहिरातीचा गडी. तुमी ल्हान हुता, तुमाला वाटलं मीच त्यो. आन् मीबी वाटू दिलं. आजपस्तोर वाटू दिलं." त्यानं गळ्यातला हार काढला. "ह्यो हार त्या मानसाचा हाय. त्याला हुडका आन् त्याला घाला."

 अमृत टक लावून त्याच्याकडे बघत होता. रंगनाथनं हार टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाला. बसस्टँडवरून नेवाशाची गाडी मिळेल, साळूबाई काही विचारणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

"थांबा," मागून शामकांतकाकांचा आवाज आला.

ते सावकाश उठून आले. टेबलावरचा हार उचलून त्यांनी तो परत रंगनाथच्या गळ्यात घातला. मग खिशातून दोऱ्यानं बांधलेला पत्रांचा गठ्ठा काढला. कागद पिवळे पडले होते, अक्षरं पोरांची होती. वरचं पत्र त्यांनी चष्मा लावून वाचलं, "प्रिय वीजवीर, कुकाण्याच्या बाजारात तू मला खांद्यावर घेतलंस, तेव्हापासून मला अंधाराची भीती वाटत नाही."

दुसरं भेंडा गावचं होतं, तिसरं सोनईचं. चौथं न उघडताच त्यांनी सगळा गठ्ठा रंगनाथच्या हातात दिला.

"सिनेमात मी होतो, म्हणून कंपनीनं ही माझ्याकडे पाठवली," ते म्हणाले. "पण यातल्या एकाही गावात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ही पत्रं तुमची आहेत."