गोठ्यापर्यंतची वायर

"काय करतोयस रं मघापासनं?" आतनं धोंडाबाईनं विचारलं.

"दावं वळतोय, आये." ओसरीत बसलेल्या रोहिदासनं वायरला मांडीवर आणखी एक पीळ दिला.

तसं अगदीच खोटं न्हवतं. स्पीकरची वायर काय अन् शेळीचं दावं काय, पीळ एकच. गाण्याच्या सेटाबरोबर आलेली वायर गोठ्यापर्यंत पुरत न्हवती, म्हणून उरल्यासुरल्या तुकड्यांची घरीच करत होता. लालला लाल, काळीला काळी.

म्हातारी डोळ्याच्या आपरेशनला नसरापूरला होती, तवाच हिकडं पासलीत तिचा मालक, गेणूआबा, गेला. डॉक्टरनं बजावलं होतं, "रडू देऊ नका, डोळा जाईल." दुसऱ्या डोळ्यानं तर आधीच दिसत न्हवतं. मग आज सकाळी तिला घरी आणताना सांगितलं, आबा गोठ्यातच झोपत्यात, शेळ्यांची धूळ तुझ्या डोळ्याला नगं म्हणून.

पण आबा रोज दिवेलागणीला गोठ्यातनं हाक मारायचे. ती हाक रोहिदासच्या बायकोच्या, प्रगतीच्या मोबाईलमधी होती. मोबाईलचा चिरका आवाज म्हातारीनं तवाच वळखला असता. म्हणून घरातल्या सेटाचा मोठा स्पीकर गोठ्यात नेऊन ठेवलेला.

"अवो, उरका," प्रगती कुजबुजली. "कवाच्या गोठ्याकडं कान लावून बसल्यात."

तेवढ्यात जोड सुटला. चिकटपट्टी संपलेली.

"दोरा बघ गं जरा!"

आत म्हातारीनं ऐकलं. गळ्यापर्यंत घोंगडी वढून बसली होती. घोंगडीखाली चाचपडली अन् दोरा भाईर काढला.

"घे. लई मजबूत हाय."

रोहिदासनं अंधारात न बघताच जोडावर गुंडाळला, गाठ मारली. प्रगतीनं मोबाईल सेटाला जोडून हाक लावली.

"धोंडेऽऽ, जेवलीस का गं?"

आबाच जणू. खरखर न्हाई, काय न्हाई. शेळ्यासुदिक उठून हुब्या राहिल्या.

रोहिदासनं आतल्या बाजूला कान लावला.

"जेवते की!" ती वरडली. "तुमी बी जेवा!"

अन् ताटातली भाकरी मोडून अख्खी खाल्ली.

"डोळा वाचला बया," प्रगती म्हणाली.

रोहिदास हसत वायर गुंडाळाया लागला. जोडापाशी बोटाला काय तरी लागलं. त्यानं बॅटरी मारली.

गाठीत एक काळा मणी अडकला होता. आईच्या डोरल्यातला.